फळांची घरगुती वाइन निवळणे

आंबण्याची क्रिया संपल्यावरही गढूळ राहिलेल्या वाइनमध्ये निवळक घालून तरंगते कण तळाशी बसवण्याची रीत. ब्रिटन-अमेरिकेत घरी वाइन करणाऱ्यांमध्ये ती रुळलेली आहे; महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार घरच्या वाइनलाही परवाना लागतो. पाण्यात तुरटी फिरवण्यामागचे तत्त्वच इथे लागू पडते: सारख्या विद्युतभाराचे कण एकमेकांना दूर लोटतात म्हणून तरंगतात, विरुद्ध भाराचा पदार्थ मिळाला की एकत्र येऊन खाली बसतात. वाइनमध्ये तुरटी मात्र घालू नये.

गढूळपणा कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय निवळक घालणे व्यर्थ. आलुबुखार, सफरचंद यांसारख्या फळांत पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ, भरपूर असते. चमचाभर वाइनमध्ये तीन-चार चमचे स्पिरिट मिसळावे. जेलीसारख्या गुठळ्या किंवा तंतू दिसले तर दोष पेक्टिनचा. स्पिरिट मिसळलेला हा नमुना विषारी, तो फेकून द्यावा. अशा वाइनला पेक्टिनेज हे विकरच लागते, आणि ते आंबवण्याआधी फळांच्या लगद्यात घातलेले सर्वांत बरे.

प्रथिनांमुळे आलेल्या गढूळपणावर बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती उत्तम. तिचा भार ऋण, वाइनमधल्या प्रथिनांचा धन. लिटरला साधारण अर्धा ते एक ग्रॅम पुरते. गरम पाण्यावर ती चिमटी-चिमटीने भुरभुरावी. एकदम ओतली तर गोळे होतात. रात्रभर भिजून आंबिलीसारखी झाली की ढवळत ढवळत वाइनमध्ये सोडावी. बरणीमागे विजेरी धरली तर वरून स्वच्छ पट्टा खाली सरकताना दिसतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी गाळ न हलवता नळीने वाइन काढून घ्यावी.

जिलेटिन तुरट टॅनिनला धरते, म्हणून जांभळासारख्या फळाच्या वाइनला ते उपयोगी. पण जास्त झाले तर रंग आणि चव दोन्ही उतरतात, शिवाय उरलेले जिलेटिनच वाइन गढूळ करते. माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास आणि अंड्याचा पांढरा बलक हे जुने निवळक. अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते घातल्याचे सांगायलाच हवे.

वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड उरला असेल तर बुडबुडे कणांना वर उचलत राहतात, म्हणून आधी हलवून वायू काढावा. मग छोट्या बाटल्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून पाहाव्यात. ज्या कमीत कमी मात्रेने वाइन निवळली, तेवढीच सगळ्या वाइनसाठी घ्यावी.