मुठीतले दाणे आणि सिकलसेलचा रिपोर्ट

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रिपोर्टवर ‘एएस’ आलं की घर हादरतं. पोरीचं लग्न कसं होईल, हीच पहिली काळजी. खरं तर एएस म्हणजे वाहक: स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो. आजार असतो तो ‘एसएस’ला. डॉक्टर हे सांगतातही, पण ओपीडीत मागे रांग खोळंबलेली असते. गावी पोचेपर्यंत ‘रक्तात दोष आहे’ एवढंच ध्यानात राहतं. म्हणून हे व्हिडिओतून दाखवावं.

विसरण्यात अडाणीपणाचा काही संबंध नाही. रॉय केसेल्स या डच संशोधकाने २००३ साली घेतलेल्या आढाव्यानुसार, डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात. आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं. घाबरलेल्या मनात नवे शब्द फार वेळ टिकत नाहीत. कानावर पडलेलं डोळ्यांनाही दिसलं, तर ते स्मृतीत दोन वाटांनी शिरतं. व्हिडिओची ताकद तिथे आहे.

गोल, लवचीक तांबडी पेशी बारीक रक्तवाहिनीतून सहज सरकते, विळ्यासारखी वाकडी झालेली अडकते. हे एकदा पाहिलं की हातपाय का ठणकतात, पाणी भरपूर का प्यायचं, हे वेगळं पटवावं लागत नाही.

सगळ्यात अवघड असते आनुवंशिकता. आईवडील दोघेही एएस असतील तर ‘चारात एक’ असं सांगतात, आणि ऐकणारा समजतो की एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप. मला वाटतं, इथे दाणे दाखवावेत. आईच्या मुठीत एक तुरीचा (म्हणजे ‘एस’), एक हरभऱ्याचा (म्हणजे ‘ए’), बापाच्याही तसेच. दोघांकडून एकेक दाणा बाळाच्या ओंजळीत पडतो. दोन्ही तुरीचे आले तर एसएस. पुढच्या बाळाच्या वेळी मुठीत पुन्हा तेच दोन दाणे, पुन्हा तीच चारात एक शक्यता. जोडीदार ‘एए’ असेल, म्हणजे वाहकही नसेल, तर त्याच्या मुठीत तूर नाहीच. बाळ एसएस होत नाही. लग्नाची निम्मी भीती इथेच सरते.

भाषा मात्र तिथलीच हवी: भंडाऱ्यात झाडीबोली, मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया. रेंजचा भरवसा नसतो, म्हणून व्हिडिओ आशाताईच्या मोबाइलमध्ये आधीच उतरवलेला असावा.

आणि दाखवून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नये. त्यावर सगळेच मान हलवतात. विचारावं, “घरी सासूले काय सांगशीन?” तिच्या उत्तरात ‘बाकीचे तीन वाचले’ आलं, की व्हिडिओ पुन्हा दाण्यांपाशी न्यायचा.