मेंदूच्या रक्तवाहिन्यांतलं अमायलॉइड, मागची गोष्ट
अमायलॉइड म्हटलं की अल्झायमरच आठवतो, पण हेच प्रोटीन मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीतही साचतं आणि त्यातून वयस्कर माणसांना ब्रेन हॅमरेज होऊ शकतं, याबद्दल फारच कमी बोललं जातं.

मुळात नावच चुकीचं पडलंय. १८५४ मधे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरचोने मेंदूतल्या काही कणांवर आयोडीन टाकलं, ते निळसर झाले, म्हणून त्याला वाटलं हा स्टार्च, आणि लॅटिनमधे स्टार्च म्हणजे अमायलम. १८५९ मधे फ्रीडराइख आणि केकुले या शास्त्रज्ञांनी अशा साठ्यात प्रोटीन असल्याचं दाखवलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे काँगो रेड आला, खरंतर कापड रंगवायचा रंग, पण तो लावलेली स्लाइड पोलराइज्ड प्रकाशात धरली की अमायलॉइड साचलेली धमनीची भिंत हिरव्या सफरचंदासारखी चमकते, त्यामुळे ओळख पक्की झाली.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९८४ ची गोष्ट. ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी अल्झायमरच्या पेशंट्समधलं बीटा अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमधे साचणारं अमायलॉइड, पहिल्यांदा वेगळं काढलं ते प्लाकमधून, म्हणजे मेंदूच्या पेशींमधे साचणाऱ्या त्याच्या गोळ्यांमधून नाही, तर मेंदूवरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून! तरी नंतर सगळं लक्ष प्लाककडेच गेलं. १९९० मधे नेदरलँड्समधल्या काही कुटुंबांत याच प्रोटीनच्या जीनमधे एक बदल सापडला, त्यांच्यात चाळिशी-पन्नाशीतच हॅमरेज होत होतं, म्हणजे वाहिनी फुटायला हे प्रोटीन एकटं पुरेसं आहे हे कळलं.

होतं काय, तर मेंदू हे प्रोटीन रोज बनवतो आणि त्यातलं काही धमन्यांच्या भिंतीलगतच्या वाटेने बाहेर जातं. वयानुसार ही वाट मंदावते, प्रोटीन तिथेच साचतं, भिंतीतल्या स्नायूपेशी मरतात, उरते ती कडक, ठिसूळ नळी, कधीकधी तर भिंतीचे पदर सुटून नळीत नळी दिसते. बीपीमुळे होणारा रक्तस्राव बहुतेकदा मेंदूच्या खोल भागात होतो, हा मात्र पृष्ठभागाजवळ.

आधी हे पोस्टमॉर्टेमलाच कळायचं, आता एमआरआयमधे बारीक काळे ठिपके दिसतात, म्हणजे आधी होऊन गेलेल्या बारीक रक्तस्रावांच्या खुणा. आणि अमायलॉइड साफ करणारी लेकानेमॅबसारखी अल्झायमरवरची औषधं आल्यापासून वाहिन्यांचा विषय पुन्हा पुढे आलाय, कारण त्या औषधांनी काही जणांच्या मेंदूत सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो आणि भिंतीत आधीच साठा असेल तर धोका जास्त, म्हणूनच औषध सुरू करायच्या आधी एमआरआयमधले ते ठिपके मोजतात.