डीबी५ महाग, म्हणून सरस?

जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते: ॲस्टन मार्टिन डीबी५ ही जग्वार ई-टाईपच्या कितीतरी पट किमतीला विकली जाते, म्हणजे ती तेवढीच सरस गाडी असणार.

किमतीतला फरक खरा आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण नवी असतानाही डीबी५ जवळपास दुप्पट महाग होती. तो पैसा हातकामाचा: नळ्यांच्या सांगाड्यावर घडवून बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. पण मागच्या चाकांकडे बघा. ई-टाईपला स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे खड्ड्यात प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं; डीबी५ला जुन्या वळणाचा अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली. ताकद डीबी५ची २८२ अश्वशक्ती, ई-टाईपची २६५ (दोन्ही आकडे कंपन्यांचे, जरा फुगवलेलेच). मात्र डीबी५चं वजनही बरंच जास्त, त्यामुळे ई-टाईप वेगात मागे पडत नाही.

मग भाव कशाचा? मुख्यतः दुर्मिळतेचा. १९६३ ते १९६५ या काळात डीबी५ जेमतेम हजारभर बनल्या. ई-टाईप १९६१पासून एकूण ७२ हजारांवर. त्यात १९६४च्या एका गुप्तहेरपटाने डीबी५ घरोघरी पोचवली.

पडताळायचं तर त्या काळच्या मोटार मासिकांतल्या रोड टेस्ट शेजारी ठेवून वाचा. गाडी घ्यायचीच असेल, तर चासी आणि इंजिनाचे नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळवा, आणि खिशात लोहचुंबक ठेवा. ई-टाईपच्या पोलादी दाराच्या खालच्या कडेवर तो धरत नसेल, तर आत पुट्टी भरली आहे. डीबी५च्या दारावर चिकटला, तर पत्रा मूळचा नाही.