पहिला 'इंडियन आयडल' नंतर गेला कुठे?

अभिजीत सावंतचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "काय करतो रे तो हल्ली?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी हळहळ असते आणि, खोटं कशाला बोला, थोडा 'बघा, शेवटी काय झालं' असा सूरही असतो. २००५च्या मार्चमध्ये सोनी टीव्हीवरच्या 'इंडियन आयडल' या गाण्याच्या स्पर्धेत याच मुंबईकर पोराला जिंकवण्यासाठी घरोघरचे मोबाइल कामाला लागले होते. मग एवढ्यात त्याचं काय बिनसलं? माझ्या मते याचं उत्तर त्याच्या गळ्यात शोधण्यात अर्थ नाही. ते त्या स्पर्धेच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी तो ऑडिशनच्या रांगेत उभा राहण्याच्या काही वर्षं आधी, दुसऱ्याच देशात झाली होती.

ब्रिटनमध्ये २००१ साली 'पॉप आयडल' सुरू झाला, 'इंडियन आयडल' ही त्याचीच भारतीय आवृत्ती. त्यामागे डोकं होतं सायमन फुलर यांचं, आणि फुलर हे मुळात गायकांचे व्यवस्थापक. गाणारी पोरं शोधायचे कार्यक्रम तोवर जगभर झालेच होते. इथली चलाखी वेगळी होती. स्पर्धा टीव्हीवर, निवड प्रेक्षकांच्या फोनवर, आणि निवडलेल्या गायकाची रेकॉर्ड, त्याचे दौरे, त्याचा करार हे सगळं आधीच ठरलेल्या हातांत. म्हणजे गिऱ्हाईक आधी जमवायचं आणि माल मागून बनवायचा. पहिला विजेता विल यंग याच्या पहिल्या सिंगलच्या एका आठवड्यात ११ लाखांवर प्रती खपल्या, तेव्हा हिशेब बरोबर असल्याची खात्री पटली. २००२मध्ये अमेरिकेत 'अमेरिकन आयडल' आला आणि केली क्लार्कसन जिंकली. ती पुढे खरोखरच मोठी झाली, त्यामुळे सगळेच विजेते असे मोठे होतात असा जगाचा समज झाला. तो खरा नव्हता हे ब्रिटनमध्येच लवकर दिसलं. 'एक्स फॅक्टर' या तिथल्याच दुसऱ्या गाण्याच्या स्पर्धेचा पहिला विजेता स्टीव्ह ब्रुकस्टाइन डिसेंबर २००४मध्ये जिंकला, त्याचं गाणं आणि अल्बम दोन्ही पहिल्या क्रमांकावर गेले, आणि वर्ष उलटायच्या आत रेकॉर्ड कंपनीने त्याचा हात सोडला.

आपल्याकडे गाण्याच्या स्पर्धा टीव्हीवर नव्या नव्हत्या. १९९५मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झाला, निवेदक होता तरुण सोनू निगम. समोर बुजुर्ग परीक्षक, गुणांची पद्धत, आणि प्रेक्षकांना मत वगैरे काही नाही. श्रेया घोषाल या कार्यक्रमातली. संजय लीला भन्साळींच्या आईने तिला टीव्हीवर गाताना पाहिलं, मुलाला हाक मारली आणि पुढे 'देवदास' झाला, हा किस्सा आता सर्वांना पाठ आहे. दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'मधून १९९६मध्ये सुनिधी चौहान पुढे आली. या दोघींच्या बाबतीत हजारो-लाखो लोकांनी काही करायची गरज पडली नाही. योग्य जागी बसलेल्या एका माणसाने टीव्ही लावलेला असणं पुरेसं होतं.

मधे २००२मध्ये चॅनल व्हीने 'पॉपस्टार्स' आणून पाच मुलींचा 'विवा' हा बँड बांधला. पोस्टर लागली, अल्बम खपला, आणि दोन-तीन वर्षांत बँड संपलाही. त्यातली नेहा भसीन आणि पुढच्या मोसमातल्या 'आसमा'मधली नीती मोहन यांनी नंतर हिंदी चित्रपटांत नाव काढलं, पण ते त्या बँडच्या जोरावर नव्हे. सोनीवाल्यांनी 'इंडियन आयडल' आणला तेव्हा हा धडा समोर होता. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

२८ ऑक्टोबर २००४ला पहिला भाग लागला. परीक्षक अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान. निवेदनाला मिनी माथूर आणि अमन वर्मा. ऑडिशनच्या भागांत बेसूर गाणाऱ्यांची टर उडवली जायची आणि तीच आपण जास्त चवीने बघायचो. खरा बदल मात्र पडद्याच्या खालच्या पट्टीत होता. तिथे गायकाचं नाव आणि २५२५ हा आकडा झळकायचा. मेसेजमध्ये नाव टाइप करायचं, या आकड्यावर पाठवायचं, आणि नेहमीच्या मेसेजपेक्षा जास्त पैसे कापून घ्यायचे. त्या पैशांत मोबाइल कंपनीचाही वाटा असायचा आणि वाहिनीचाही. एका माणसाने किती मेसेज पाठवावेत याला धरबंध नव्हता. ज्यांच्याकडे नुकताच पहिला मोबाइल आला होता अशा लाखो घरांत मेसेज पाठवण्याचं पहिलं मोठं निमित्त हेच ठरलं. प्रीपेडवाले रिचार्ज मारून मत देत होते.

५ मार्च २००५ला अभिजीत जिंकला. मूळचा छत्तीसगडचा अमित साना दुसरा आणि राहुल वैद्य तिसरा. पहिल्या तिघांत दोन मराठी आडनावं, त्यामुळे इकडे आनंद डबल होता. बक्षीस म्हणून एक कोटीचा करार जाहीर झाला. 'करार' हा शब्द तेव्हा कुणाच्या फारसा कानात शिरला नाही, 'एक कोटी' तेवढं शिरलं.

पुढचे काही महिने सगळं ठरल्यासारखं झालं. 'आपका अभिजीत सावंत' हा अल्बम निघाला, 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षात, लग्नात, रिंगटोनला, सगळीकडे वाजलं. त्याच वर्षीच्या 'आशिक बनाया आपने'मध्ये सुनिधीबरोबर एक गाणं मिळालं. आणि नोव्हेंबर २००५मध्ये 'इंडियन आयडल'चा दुसरा मोसम सुरू झाला.

म्हणजे जेमतेम आठ महिने. ज्या वाहिनीने त्याला आठवड्यातून दोनदा घरात आणून बसवलं होतं तिला आता नवा चेहरा तसाच आणून बसवायचा होता. जुन्या विजेत्याचं नाव जितकं मोठं राहील तितकी नव्याची पंचाईत. यात कुणाचा कावा होता असं नाही, धंद्याचं वेळापत्रकच तसं होतं. एप्रिल २००६मध्ये बिकानेरचा संदीप आचार्य जिंकला. त्याचाही अल्बम निघाला आणि विरला. डिसेंबर २०१३मध्ये काविळीचं निमित्त होऊन तो गेला, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. बातमी वाचून अनेकांना आधी तो कोण ते आठवावं लागलं.

दुसरं कारण बाजाराचं, आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. विजेत्याला मिळायचा तो खासगी अल्बम. नव्वदच्या दशकात अल्बमवर गायक उभे राहत. २००५ येईपर्यंत कॅसेटचा खप घसरणीला लागला होता, पदपथावर शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी मिळत होत्या, आणि संगीत वाहिन्यांवर सिनेमांच्या प्रोमोंनी जागा व्यापली होती. इंडीपॉपची, म्हणजे सिनेमाबाहेरच्या हिंदी पॉप गाण्यांची, गाडी फलाटावरून निघून गेल्यावर हातात तिकीट द्यावं तसा तो करार होता. अभिजीतचा दुसरा अल्बम 'जुनून' २००७ला आला, तिसरा 'फरीदा' थेट २०१३ला.

राहिलं पार्श्वगायन. तिथे मतं चालत नाहीत. संगीतकार चाल बांधतो, कुणाकडून तरी आधी कच्चं गाऊन घेतो, मग त्याच गाण्यावर दोन-तीन आवाज घेऊन बघतो. शेवटी कुठला ठेवायचा हे तो, दिग्दर्शक आणि संगीत कंपनी ठरवतात, कधी नायकही. गाऊन आलेल्या गायकाला आपला आवाज राहिला की उडाला हे सीडी हातात आल्यावर कळायचं. या जगात टिकायला संगीतकारांच्या स्टुडिओत पडून राहावं लागतं. विजेता तेव्हा कुठे असतो? गणेशोत्सवात, दांडियात, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, परदेशातल्या मंडळांच्या कार्यक्रमात. पैसे तिथेच असतात, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. शिवाय स्पर्धेत महिनोन् महिने दुसऱ्यांची गाणी हुबेहूब गाण्याचं कौतुक झालेलं असतं. अभिजीतचा आवाज स्वच्छ, गोड, सोनू निगमच्या वळणाचा. त्या वळणावर खुद्द सोनू निगम उभा होता, शान होता, केके होता. २००५ साल तर हिमेश रेशमियाचं आणि आतिफ अस्लमचं. ऐकताक्षणी ओळखू येणाऱ्या, थोड्या तिरक्या आवाजांचे दिवस आले होते.

त्याच २००५मध्ये सोनीवरच 'फेम गुरुकुल' झाला. जिंकले श्रीनगरचा काझी तौकीर आणि कोलकात्याची रूपरेखा बॅनर्जी. अंतिम फेरीआधीच बाहेर पडलेल्यांत अरिजित सिंग नावाचा एक मुलगा होता. भन्साळींनी 'सांवरिया'साठी त्याच्याकडून गाऊन घेतलं, ते चित्रपटात राहिलं नाही. एका कंपनीने अल्बमसाठी करार केला, तो अल्बम आलाच नाही. मग तो प्रीतमसारख्या संगीतकारांकडे प्रोग्रामिंगचं, मदतनिसाचं काम करत राहिला. 'तुम ही हो' यायला २०१३ उजाडलं. 'आयडल'च्या दुसऱ्या मोसमातून लवकर गेलेली नेहा कक्कर पुढे त्याच कार्यक्रमाच्या परीक्षकाच्या खुर्चीत बसली. हरलेल्यांना रियाजाला आणि उमेदवारीला वेळ मिळाला, असं म्हटलं की विजेत्यांवर अन्याय होतो हे मला मान्य आहे. हरलेले शेकडो जण कुठे गेले याची यादी कुणी ठेवत नाही.

मतं नेमकी कशाला पडत होती, हे तिसऱ्या मोसमात उघड झालं. २००७मध्ये अंतिम फेरीत शिलाँगचा अमित पॉल आणि दार्जिलिंगचा प्रशांत तमांग. प्रशांत वडिलांच्या जागी कोलकाता पोलिसांत शिपाई म्हणून लागलेला, पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गाणारा. त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरात फॅन क्लब निघाले, वर्गण्या गोळा झाल्या, पीसीओंवर रांगा लागल्या, नेपाळी बोलणारी माणसं देशात जिथे होती तिथून मेसेज आले. या जमवाजमवीत पुढे होते तिथले स्थानिक नेते बिमल गुरुंग. २३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला. त्यानंतर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने गोरखा (तिथले नेपाळीभाषक) म्हणजे रखवालदार अशा अर्थाची शेरेबाजी केली, तिच्या निषेधाच्या मोर्चातून सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लागली. ७ ऑक्टोबरला गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष स्थापन केला आणि काही महिन्यांत डोंगरातलं जुने गोरखा नेते सुभाष घिशिंग यांचं दोन दशकांचं वर्चस्व मोडून काढलं. गोरखालँड या वेगळ्या राज्याची मागणी पुन्हा पेटली ती एका गाण्याच्या स्पर्धेसाठी उभारलेल्या जाळ्यावरून. त्याआधी झीच्या स्पर्धेत सिलचरच्या देबोजित साहाच्या मागे आसाम असाच उभा राहिला होता. ही मतं प्रामाणिक होती, पण ती 'आमचाही माणूस दिसू दे' यासाठी होती. तो दिसला की मतदाराचं काम संपलं. तो अल्बम विकत घेईलच असं कुठे लिहिलं होतं? महाराष्ट्रानेही अभिजीतच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच केलं.

डिसेंबर २००७मध्ये जकार्तात 'एशियन आयडल' झाला. सहा देशांचे विजेते, आणि प्रेक्षकाने एकाच वेळी दोन नावं द्यायची अट. भारताकडून अभिजीत गेला. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा; सगळ्यांनी आपापल्या माणसानंतर दुसरं नाव त्याचं दिलं असावं, असं तेव्हा बोललं गेलं. २००८मध्ये स्टार प्लसवर जुन्या स्पर्धकांची पुन्हा झुंज लावली गेली, तीत राहुल वैद्यने अभिजीतला मागे टाकलं. मग पत्नी शिल्पासोबत 'नच बलिये', २००९चा न चाललेला 'लॉटरी' हा चित्रपट, आणि २०१०मध्ये 'इंडियन आयडल'च्या पाचव्या मोसमाचं निवेदन. पाच वर्षांपूर्वी जिंकलेल्या मंचावर तो माइक घेऊन दुसऱ्यांची नावं पुकारत होता.

मराठीत मात्र त्याचं एक गाणं असं लागलं की ते स्पर्धेच्या आठवणीविनाही चालतं : 'मंगलाष्टक वन्स मोअर'मधलं बेला शेंडेसोबतचं 'सर सुखाची श्रावणी', २०१३चं, संगीत नीलेश मोहरीरचं. लग्नाच्या व्हिडिओंत ते अजून वाजतं, आणि पुरुष आवाज कुणाचा हे वाजवणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसतं. पार्श्वगायकाच्या वाट्याला येते ती हीच ओळख. विजेतेपदानंतर ती मिळवायला वेळ लागतो हे वैशाली माडेच्या बाबतीतही दिसतं. हिंगणघाटची वैशाली मराठी आणि मग २००९मध्ये हिंदी 'सा रे ग म प' जिंकली. 'बाजीराव मस्तानी'तलं श्रेया घोषालसोबतचं 'पिंगा' तिला मिळालं ते २०१५मध्ये.

२०२४मध्ये अभिजीत 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या मोसमात गेला. ज्यांनी २००५मध्ये आईच्या मोबाइलवरून मेसेज पाठवले होते ती पिढी आता स्वतःच्या मुलांना सांगत होती की हा पहिला 'इंडियन आयडल'. मतं आता ॲपवर, फुकट होती. तो शांत राहिला, भांडणांत फारसा पडला नाही, आणि ६ ऑक्टोबरच्या अंतिम फेरीत दुसरा आला. जिंकला रील्समधून पुढे आलेला बारामतीकडचा सूरज चव्हाण, आणि निकालानंतर लगेच त्याच्या चित्रपटाची घोषणाही झाली.