थायरॉइड 'बायकांचा' कसा झाला

लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली एका आजाराचं वर्णन मांडलं. चेहरा सुजट, बोलणं जड, हालचाल आणि मन दोन्ही मंद. आपल्या रुग्ण स्त्रिया होत्या म्हणून त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच 'स्त्रिया' हा शब्द घातला. पुढे विल्यम ऑर्ड यांनी, थायरॉइड मंदावल्याने होणाऱ्या या विकाराला मिक्सिडीमा नाव दिलं. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी ज्या चार रुग्णांच्या थायरॉइडचं वर्णन केलं, त्याही स्त्रियाच. थायरॉइडचे विकार स्त्रियांत कितीतरी पटींनी जास्त होतात, हे खरंच आहे. फक्त 'जास्त'चं 'केवळ' होऊन बसलं, आणि पुरुषाच्या थकव्याचं कारण दुसरीकडे शोधलं जाऊ लागलं.

कुठे, ते सांगायला नकोच: वृषणांत बनणाऱ्या पुरुषी संप्रेरकाच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेत. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. त्या पाणीदार अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. वृषण ते साठवून ठेवत नाहीत. थायरॉइड मात्र कित्येक आठवडे पुरेल इतका साठा करते. म्हणूनच १८९१ मध्ये इंग्लंडचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला, तो लागू पडला. ती १९१९ पर्यंत जगली. एक कल्पना गाजली, दुसरी चालली!

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ केंडॉल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे केले. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं. दोन्ही औषधं हाती आली, तरी रक्तातलं प्रमाण नेमकं मोजायची सोय नव्हती. ती रोझलिन यालो यांच्या मापनपद्धतीने झाली. त्यांना १९७७ चं नोबेल मिळालं ते गिय्येमँ आणि शाली यांच्याबरोबर. या दोघांनी मेंदूतून थायरॉइडसाठी सुटणारा टीआरएच हा निरोप्या शोधला होता.

इथे दोन्ही वाटा एकत्र येतात. थायरॉइड मंदावली की टीआरएच वाढतो. तो टीएसएच या थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाबरोबर प्रोलॅक्टिन या दूध येण्याशी जोडलेल्या संप्रेरकालाही चढवू शकतो, आणि प्रोलॅक्टिन चढलं की वृषणांना मिळणारी चालना कमी होते. शिवाय टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं, यकृतात बनणारं एसएचबीजी हे प्रथिन घटतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा खाली येतो. थायरॉइड अति चालली तर याच्या उलट: हे प्रथिन वाढतं, आकडा भरघोस दिसतो आणि तरी छाती सुजते, इच्छा मावळते. नुसत्या आकड्यावर विसंबणारा इथे हमखास फसतो.

म्हणून आज क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी टीएसएच आणि मुक्त टी४, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं थायरॉक्सिन. थायरॉइड कमी असेल तर रिकाम्या पोटी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉक्सिनचीच गोळी, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. शरीर टी४ पासून टी३ हे जास्त प्रभावी संप्रेरक स्वतः बनवतं हे १९७० मध्ये सिद्ध झालं, त्यामुळे बहुतेकांना ही एकच गोळी पुरते. टेस्टोस्टेरॉन त्यानंतर, सकाळी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. अनेकदा ते एव्हाना आपोआप वर आलेलं असतं. उलट क्रमाने गेलं आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं, तर मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप थांबतो, शुक्रजंतू घटतात. मूल हवं असतं तेव्हाच हे बऱ्याच जणांच्या लक्षात येतं.