चाई आणि टक्कल: एकाच बाटलीतलं तेल दोन्हींना का चालत नाही

डोक्याच्या मागे पडलेली चाई ज्याची त्याला सहसा दिसत नाही, ती आधी न्हाव्याला दिसते. "भाऊ, इथं चाई पडून राह्यली ना," तो म्हणतो आणि नागपुरात पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. आजी कांदा चोळायला सांगते, शेजारचे काका बिब्बा लावायला सांगतात, इतवारीतल्या जडीबुटीवाल्याकडून गुंजा आणि कुठलंसं तेल येतं. तीन-चार महिन्यांत केस उगवतात, तेलाचं नाव होतं. मग तीच बाटली घरातल्या थोरल्या भावाकडे जाते, ज्याचं कपाळ दरवर्षी थोडं मागं सरकतंय. त्याला वर्षभर लावूनही काही फरक पडत नाही. तेल तेच, डोकंही त्याच घरातलं, पण आजार वेगळा.

चाईचा चट्टा नीट उजेडात बघा. आठ आण्याच्या नाण्याएवढा, गोल, कडा ठसठशीत. आतली कातडी गुळगुळीत, खवले नाहीत, लाली नाही, बहुधा खाजही नाही. कडेचे काही आखूड केस मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठे करून पाहिले तर वर जाड आणि मुळाशी बारीक दिसतात, उद्गारचिन्हासारखे. असे केस दिसले तर निदान जवळजवळ पक्कं. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असू शकतात. दाढीत किंवा भुवईतही चाई पडते. परत येणारे केस पुष्कळदा आधी पांढरे आणि मऊ येतात, रंग मागाहून चढतो.

टकलाला असा चट्टा नसतो. पुरुषांत कानशिलाकडचे कोपरे मागं जातात किंवा टाळूवर विरळपणा येतो. बायकांत भांग रुंद होत जातो, पुढची रेषा मात्र बहुधा टिकते. केस एकदम जात नाहीत. केस गळून नवा येण्याच्या प्रत्येक फेरीला जाड केसाच्या जागी थोडा बारीक, थोडा आखूड केस येतो आणि शेवटी नुसती लव उरते. म्हणून उशीवर किंवा कंगव्यात किती केस आले, यावरून टक्कल ओळखता येत नाही. रोज ५० ते १०० केस निरोगी डोक्यावरूनही गळतात.

कारणंही अगदी वेगळी. चाईत शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा केसाच्या मुळावर चालून जाते. किडा केस खातो, वस्तऱ्यातून चाई लागते, या दोन्ही समजुती चुकीच्या. मूळ मरत नाही, झोपतं, आणि म्हणून एखाददुसरा छोटा चट्टा असेल तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात. आपल्याकडच्या निम्म्या चाईच्या तेलांची कीर्ती इथूनच आलेली आहे, असं मला वाटतं. टकलात आनुवंशिकता आणि डीएचटी नावाचं संप्रेरक मिळून मूळ हळूहळू आक्रसत नेतात. तिथं आपोआप काही परत येत नाही. हेल्मेट आणि उन्हातला दुपट्टा यांच्यावर उगाच आळ येतो.

गंमत म्हणजे, ज्या आयुर्वेदाच्या नावानं एकच बाटली खपते, त्याच्याच ग्रंथांत हा फरक आहे. सुश्रुतानं इंद्रलुप्त (म्हणजे चाई) आणि खालित्य (म्हणजे टक्कल) ही एकाच विकाराची नावं म्हणून दिली. वात आणि पित्त बिघडून केस गळतात, मग कफ आणि रक्त रोमकूप, म्हणजे केसांची छिद्रं, बंद करतात, म्हणून नवे उगवत नाहीत, ही त्याची मांडणी. वाग्भट एक पाऊल पुढं गेला. त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या उत्तरस्थानात, २३व्या अध्यायात, तो म्हणतो की खलतीचं, म्हणजे टकलाचं, मूळ कारण तेच, पण तिथं केस क्रमाक्रमानं जातात. म्हणजे वेगावरून त्यानं दोन्ही वेगळे काढले. आजच्या त्वचारोगतज्ज्ञाचा पहिला प्रश्नही हाच असतो, "अचानक गेले की हळूहळू?" त्याच अध्यायात नखासारखी चकचकीत झालेली खलती असाध्य सांगितली आहे. गुळगुळीत, चमकणाऱ्या जुन्या टकलावर महिन्यात केस उगवण्याची हमी देणाऱ्यांनी तेवढी ओळ वाचावी.

पुढच्या अध्यायात उपचारही वेगळे होतात. इंद्रलुप्तासाठी आधी जागा टोचून रक्त काढायचं, मग लेप. लेपाच्या यादीत गुंज, धोत्र्याच्या पानांचा रस आणि बिब्बा, सगळे आहेत. काका आणि जडीबुटीवाला ग्रंथाबाहेरचं काही सांगत नसतात. या सगळ्या द्रव्यांचा समान गुण म्हणजे ती कातडीला चाळवतात. आधुनिक वैद्यकातही हट्टी चाईवर मुद्दाम कातडी चाळवणारी औषधं वापरतात, त्यामुळे कल्पना खुळी नाही. धोका आहे तो घरगुती मापात. हिवाळ्यातल्या लाडवात आपण ज्याची गोडंबी घालतो, त्याच बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलानं धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करत. कातडीवर ते फोड आणतं, फोड खोल गेला तर व्रण राहतो आणि व्रणावर केस येत नाहीत. आपोआप बरी झाली असती अशी चाई कायमची होते. गुंजेच्या बीमध्ये अ‍ॅब्रिन हे जहाल विष असतं. घरात लहान पोट्टे असतील तर ती आणूच नये. चाईसाठी सुश्रुतानं सांगितलेलं मालती, कण्हेर, चित्रक आणि करंजाचं तेल मिळतं, पण कण्हेर आणि चित्रक हीसुद्धा साधी झाडं नव्हेत. वैद्याला विचारूनच लावावं.

खलतीसाठी मात्र वाग्भट शरीराची शुद्धी, मग नस्य (नाकात औषध घालणं), डोक्याला अभ्यंग आणि लेप सांगतो. तिथं जागा टोचणं नाही, लांबचा रस्ता आहे. माझं मत विचाराल तर भृंगराज तेलाचं मालिश जरूर करावं, टाळूचा कोरडेपणा जातो, केस तुटणं कमी होतं, झोप बरी लागते. पण आक्रसलेलं मूळ त्यानं पुन्हा जाड होईल, या आशेवर पंचविशीतली दोन वर्षं घालवू नयेत, कारण टकलात वेळच सगळ्यात महाग. मिनॉक्सिडिल हे टकलावरचं औषध लवकर सुरू केलं तर आहे ते टिकतं. त्याचा गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती वाढलेली दिसू शकते, आणि सोडलं की मिळवलेलं जातं. फिनास्टराइड हे दुसरं औषध पुरुषांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं.

कांद्याचंही तसंच. लोक ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो २००२ मध्ये बगदादला झाला, मोजक्या रुग्णांवर, आणि तो चाईवर होता. टकलावर कांदा चोळायला त्यातून काही आधार मिळत नाही.

दोन्हींत न बसणारी गळतीही असते. डेंगी, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस निघतात आणि काही महिन्यांत भरून येतात. पावसाळ्यातल्या तापाचे केस दिवाळीत गळतात, तेव्हा तापाची आठवणही राहत नाही. लहान मुलाच्या चट्ट्यावर खवले आणि तुटके केस असतील तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो, तो लागट असतो आणि त्याला पोटातून औषध लागतं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांची डोकी उजाड झाली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं.

दाखवायला नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जा. नस्य, रक्तमोक्षण (रक्त काढणं) करायचंच असेल तर सक्करदऱ्याचं शासकीय आयुर्वेद रुग्णालय आहे. कुठंही जाताना डोक्याला तेल चोपडून जाऊ नका. तेलानं केस चिकटून आहेत त्याहून विरळ दिसतात आणि खवले लपतात.