कोपरातलं न दिसणारं हाड

चार वर्षांचं मूल झोपाळ्यावरून पडतं, कोपर सुजतं, एक्स-रे निघतो. फिल्म उजेडात धरली की आईबापांच्या पोटात गोळा येतो. हाडांची टोकं एकमेकांना टेकलेलीच नसतात, मध्ये एखादा सुटा ठिपका तरंगत असतो! पण या वयात कोपराचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. तो ठिपका बहुधा तुकडा नसून नुकतंच धरू लागलेलं हाड असतं.

अशी हाड धरण्याची ठिकाणं कोपरात सहा. साधारण पहिल्या वर्षी दंडाच्या हाडाचा खालचा गोल भाग, कॅपिटेलम, दिसू लागतो. मग दोन-दोन वर्षांच्या अंतराने रेडियसचं (पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं, दंडाच्या हाडाचा आतला उंचवटा, त्याच हाडाचा खालचा कप्पीसारखा भाग म्हणजे ट्रॉक्लिया, कोपराचं मागचं टोक आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास बाहेरचा उंचवटा. मुलींमध्ये हे थोडं लवकर होतं. वयं मागेपुढे होतात, क्रम सहसा ढळत नाही.

हा क्रम पाठ असणं किती मोलाचं, ते एका दुखापतीत कळतं. आठ वर्षांच्या मुलाचं कोपर निखळलं, जागेवर बसवलं. नंतरच्या एक्स-रेत ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा ठिपका आहे, पण आतला उंचवटा कुठेच नाही. ट्रॉक्लिया आधी आणि उंचवटा नंतर, असं सहसा होत नाही. म्हणजे तो ठिपका उंचवट्याचाच असणार: स्नायूंच्या ओढीने उखडलेला, सांध्यात अडकलेला. तो बाहेर काढावाच लागतो, बहुतेकदा शस्त्रक्रियेने. कोपर आपटलं की ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती याच उंचवट्यामागून जाते, म्हणून अशा दुखापतीत तिलाही धोका असतो. शंका आली तर दुसऱ्या कोपराचाही एक्स-रे काढून ताडून पाहतात.

कधी तर मोडल्याची रेघच दिसत नाही. तेव्हा बाजूने काढलेल्या फिल्मवर चरबी शोधायची. कोपर काटकोनात वाकवलेलं असताना सांध्यामागची चरबी हाडाच्या खळग्यात लपलेली असते. आत रक्त साठलं की ती वर उचलली जाते आणि दंडाच्या हाडामागे काळसर पट्टा दिसतो. पडलेल्या मुलात हा पट्टा दिसला, तर फ्रॅक्चर आहे असंच धरून हाताला स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, लावतात. अशा वेळी ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणून कोपर चोळायला नेणं मला फार धोक्याचं वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, की पुष्कळदा हाडाच्या कडेने नव्या हाडाची पुसट रेघ दिसते.